झाकूनच न्यायचे शस्त्र

रायगड जिल्ह्यात पेणच्या किंवा रोह्याच्या भर बाजारात शेजारून जाणाऱ्या माणसाच्या कमरेला पिस्तूल आहे की नाही, हे बघणाऱ्याला कळता कामा नये, अशी खुद्द कायद्याचीच अपेक्षा आहे. २०१६ च्या केंद्रीय शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचे, तर ते अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत असावे लागते. ते पूर्ण झाकलेले हवे आणि नेणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा हवा. चारचौघांत शस्त्र उगारायला, मिरवायला, त्याचा बार काढायला सक्त मनाई आहे. अमेरिकेत कित्येक राज्यांनी उघड बंदूक बाळगायला मोकळीक दिली आणि लपवून बाळगण्यासाठी मात्र दीर्घकाळ वेगळा परवाना मागितला. आपल्याकडे उलटा प्रकार: परवाना मिळणेच कठीण, आणि मिळाला की शस्त्र झाकून नेणे हा पर्याय उरत नाही, ते कर्तव्य होते.

झाकायचे म्हटले की शस्त्र लहान हवे. लहान हवे म्हटले की नळी आखूड, वजन हलके, गोळ्या कमी. छोट्या पिस्तुलाची निवड दुकानाच्या काउंटरवर होते, असे वाटते. प्रत्यक्षात घेणारा तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी इतिहास, कायदा, कारखाना आणि कोकणची हवा या चौघांनी बहुतेक निवड उरकलेली असते.

वाघनखापासून गुप्तीपर्यंत

अंगावर लपवायच्या शस्त्राची महाराष्ट्रातली सर्वांत प्रसिद्ध हकिकत आजच्या रायगड जिल्ह्याच्या सीमेला लागून घडली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफझलखानाला भेटायला गेले, ते अंगरख्याखाली चिलखत घालून. वाघनख आणि बिचवा ही दोन्ही शस्त्रे या भेटीच्या वर्णनांत येतात. वाघनख बोटांत अडकवायचे आणि नखे तळहाताच्या बाजूला मिटवायची, म्हणजे समोरच्याला दिसतात त्या नुसत्या अंगठ्या. बिचवा हा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला छोटा खंजीर. दोन्हींचा उपयोग हातभर अंतरापुरता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले वाघनख ब्रिटिश अधिकारी जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेले. ते जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आणले गेले. १६५९ मध्ये वापरले गेले ते हेच, असे ठामपणे सिद्ध करता येत नाही, असे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचेच म्हणणे आहे.

त्याच कुळातली गुप्ती: वरून हातातली काठी, आत पाते. आजही गुप्ती शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यारही तसेच. घरगुती आणि शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. म्हणून शहाळी सोलणारा कोयता हातात घेऊन रस्त्यावर उभा राहिला, तरी तो शस्त्रधारी ठरत नाही.

बंदुकांवर परवान्याची साखळी पडली, ती १८७८ च्या शस्त्र कायद्याने. व्हाइसरॉय लिटन यांच्या काळातल्या या कायद्याने भारतीयांना शस्त्र बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. त्यानंतरच्याच वर्षी, १८७९ मध्ये, पनवेलजवळच्या शिरढोणला जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले. स्वतंत्र भारताने तो जुना कायदा मोडीत काढून १९५९ चा शस्त्र कायदा आणला. वंशभेद गेला, परवाना मात्र राहिला.

बेल्जियममधून आलेले यंत्र

खिशातले पिस्तूल म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुधा एकाच गोळीचा खेळ होता. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने केलेली आखूड पिस्तुले त्यात नावाजलेली. १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांच्यावर झाडली गेलेली गोळी अशाच एका पिस्तुलातली होती. एक बार झाला की ते हातातले लोखंड.

हे चित्र पालटले ते अमेरिकेतल्या युटा प्रांतातल्या जॉन मोझेस ब्राउनिंग या बंदूककाराने. त्याचे पिस्तूल बेल्जियममध्ये लिएजजवळच्या हर्स्टाल गावातल्या एफएन कारखान्याने बनवायला घेतले, आणि १९०० च्या नमुन्यातून खऱ्या अर्थाने खिशात मावणारे, आपोआप भरले जाणारे पिस्तूल जगाला मिळाले. त्याची युक्ती थक्क करणारी साधी आहे. दारूच्या वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो, तोच दाब रिकाम्या काडतुसाच्या बुडावर मागे पडतो. वरचा सरकता भाग त्या धक्क्याने मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत ढकलतो. गोळी बाहेर पडेपर्यंत मागचा भाग उघडू नये, हे काम कुठलेही कुलूप करत नाही. ते सरकत्या भागाचे वजन आणि स्प्रिंगचा ताण दोघे मिळून करतात. म्हणूनच ही रचना बेताच्या दाबाच्या काडतुसालाच जमते. ब्राउनिंगने तिच्यासाठी जे काडतूस आखले, ते ७.६५ मिलिमीटरचे, म्हणजेच .३२ बोअरचे. पुढे एफएनने त्याहून लहान, .२५ बोअरचे, कोटाच्या आतल्या खिशात मावणारे पिस्तूलही काढले.

या यंत्राने महाराष्ट्राच्या इतिहासात लवकरच प्रवेश केला. १९०९ च्या सुरुवातीला लंडनच्या इंडिया हाउसमधून विनायक दामोदर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे चतुर्भुज अमीन या तिथल्या स्वयंपाक्याबरोबर पाठवली. ती ट्रंकेच्या दुहेरी तळात लपवून मुंबईला पोहोचली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात, 'संगीत शारदा'च्या प्रयोगासाठी आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी त्यांतल्याच पिस्तुलाने गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुले पाठवल्याचा आरोप सावरकरांच्या खटल्यातही होता, आणि त्यातून त्यांना दोन जन्मठेपांची, एकूण पन्नास वर्षांची शिक्षा झाली. पिस्तूल लहान असल्यामुळे काय काय शक्य होते, हे सरकारला त्या एका ट्रंकेने दाखवून दिले.

कायद्याने आधीच केलेली निवड

आजच्या खरेदीदाराला जगभरच्या पिस्तुलांच्या जाहिराती मोबाइलवर दिसतात. त्यांतली बहुतेक ९ मिलिमीटरची. ती भारतातल्या सामान्य नागरिकासाठी नाहीत. ९ मिमी हे सैन्य-पोलिसांचे काडतूस असल्याने ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते. खासगी परवान्यावर मिळणाऱ्या छोट्या हत्यारांत .३२, .२५ आणि .२२ उरतात, आणि बाजारात खरा वावर .३२ चाच.

दुसरी कात्री आयातीची. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात बंद आहे. सूट आहे ती मुख्यतः नेमबाज खेळाडूंना. त्यामुळे त्याआधी देशात आलेली वॉल्थर, वेबली किंवा ब्राउनिंगची जुनी हत्यारे हातोहात फिरत राहिली आणि त्यांच्या किमती मूळ किमतीशी काही नाते न ठेवता वाढत गेल्या. गंमत अशी, की परदेशात संग्रहालयाच्या वयाचे झालेले पिस्तूल इथे चालू वापरातले, मानाचे हत्यार गणले जाते.

तिसरी आणि सर्वांत मोठी कात्री परवान्याची. रायगड जिल्ह्यात पनवेल-उरणचा भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तांच्या हद्दीत येतो. पेण आणि रोहा तालुक्यांतला अर्ज मात्र अलिबागला, जिल्हा दंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पेणचा माणूस वडखळवरून अलिबाग गाठतो. कागद मात्र त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर कित्येकदा तोच रस्ता तुडवतात. पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो, त्यात गुन्ह्यांची नोंद, वर्तन, शेजार आणि गरज यांची चौकशी असते. अर्जदार किमान २१ वर्षांचा हवा. शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. हत्यार कसे धरायचे, भरायचे, रिकामे करायचे, याच्या प्रशिक्षणाचा दाखलाही २०१६ च्या नियमांनी आणला. धंदा, व्यवसाय किंवा नोकरीच्या स्वरूपामुळे ज्याला संरक्षणाची खरी गरज आहे, त्याचा विचार व्हावा, असे नियम सांगतात. नुसती हौस हे कारण चालत नाही.

परवाना मिळाला तरी तो मोकाट नसतो. शस्त्राचा प्रकार, काडतुसांची मर्यादा, कोणत्या हद्दीत न्यायचे, हे सगळे त्यावर लिहिलेले असते. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, आणि विनापरवाना साधी बंदूक बाळगण्याची किमान शिक्षा एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली. लग्नात, वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतचा कारावास, एक लाख रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही सांगितले.

एकच आकडा, दोन काडतुसे

आता उरलेली निवड. .३२ म्हटले की दुकानात दोन वेगळी घराणी समोर येतात, आणि नवख्याची पहिली फसगत इथेच होते. रिव्हॉल्व्हरचे .३२ काडतूस लांब, साधारण २३ मिलिमीटर पितळी कवचाचे आणि बुडाला कडा असलेले. पिस्तुलाचे .३२ म्हणजे ब्राउनिंगचे आखूड, १७ मिलिमीटरचे. एकाचे दुसऱ्यात चालत नाही. परवान्यावर .३२ लिहिलेले असले, तरी पेटीवरचे पूर्ण नाव वाचूनच काडतुसे घ्यावी लागतात. देशी .३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसे बऱ्याचदा पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची असतात. १८६९ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्याची आद्याक्षरे काडतुसाच्या बुडावर उमटवलेली दिसतात.

रिव्हॉल्व्हरच्या बाजूने मोठा मुद्दा साधेपणाचा. सहा घरांचे फिरते चक्र, चाप अडवायला बाहेरची खिटी नको, स्प्रिंगवर अवलंबून असलेले मॅगझिन नको. एखादे काडतूस फुसके निघाले तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचे घर समोर येते. तोटा असा, की ते चक्र कमरेला जाड लागते आणि सदऱ्यावर उठून दिसते. पिस्तूल चपटे, झाकायला सोपे, पण त्याची शिस्त कडक: मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे नसते, एक काडतूस नळीत बसलेले असू शकते. पिस्तुलाच्या अपघातांचे एक जुने मूळ या एका गैरसमजात आहे.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचा .३२ रिव्हॉल्व्हर हा देशातला सर्वपरिचित नमुना. सुमारे ७०० ग्रॅम वजन, सुमारे १८ सेंटिमीटर लांबी, सहा गोळ्या. जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' आला: दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर खास स्त्रियांसाठी म्हणून टायटॅनियम मिश्रधातूत केलेला, सुमारे ५०० ग्रॅमचा, आणि तेव्हा १ लाख २२ हजार रुपयांच्या पुढे किंमत असलेला. स्त्रियांच्या सुरक्षेला रिव्हॉल्व्हर हे उत्तर आहे का, यावर तेव्हा भरपूर वाद झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच सरकारी कारखान्यांच्या वारस कंपनीने 'प्रबल' आणला. त्याचे चक्र बाजूला उघडते, आणि तो ५० मीटरपर्यंत मारा करतो असे कंपनी सांगते. पिस्तुलाच्या बाजूला सरकारी 'अशनी' आहे.

हलके तेवढे चांगले, हा समज इथे उलटतो. गोळी पुढे जाताना जो धक्का मागे येतो, तो हलके हत्यार कमी शोषते आणि हात जास्त शोषतो. नळी आखूड झाली की नेम धरण्याच्या पुढच्या आणि मागच्या खुणांतले अंतर घटते, आणि मनगटाची किंचित चूकही लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. शक्तीचा हिशेबही डोळ्यांसमोर असावा. .२५ च्या गोळीची नळीतून निघतानाची ऊर्जा साधारण ९० ज्यूल, .३२ पिस्तुलाची १७० च्या आसपास, ९ मिमीची ५०० च्या आसपास. म्हणजे खिशात मावण्याची किंमत ताकदीत मोजावी लागते, आणि ती भरून काढायला नेमके काही उरते तर तो सराव. सरावासाठी काडतुसे परवान्यावर मोजून मिळतात. अधिकृत नेमबाजी केंद्राचे सभासद झाल्याशिवाय बहुतेक परवानाधारकांच्या हातून वर्षानुवर्षे एकही गोळी सुटत नाही. न झाडलेल्या हत्याराचा भरवसा धरणे हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत नाजूक भाग आहे.

कोकणची हवा

हत्यारांवरची पुस्तके थंड, कोरड्या देशांत लिहिली गेली. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पेणच्या खाडीकडच्या भागात हवेला मिठाचा स्पर्श असतो. कमरेला टेकलेल्या हत्याराला वर अंगाचा घाम लागतो. काळी-निळी झाक दिलेल्या साध्या पोलादावर अशा हवेत गंजाचे तांबूस ठिपके यायला वेळ लागत नाही. म्हणून इथे निकेलचा मुलामा, स्टेनलेस पोलाद किंवा टायटॅनियम हे दिखाऊपणाचे प्रश्न राहत नाहीत. चामड्याचे होल्स्टर देखणे खरे, पण ते ओल धरून ठेवते. रोज नेताना चालते, पण रात्री हत्यार त्यातच ठेवून दिले तर पावसाळ्यात गंजाला आयते घर मिळते. नळीतून तेलाचे फडके फिरवणे, काडतुसे कोरड्या डब्यात ठेवणे, वर्षभर कमरेला फिरलेली जुनी काडतुसे बदलून घेणे ही कामे कोकणात घाटावरच्यापेक्षा जास्त वेळा करावी लागतात. काडतुसाला मात्र तेल लावायचे नसते. ते बुडातल्या स्फोटक टोपीत झिरपले तर नेमक्या वेळी बार उडत नाही.

पडले तर काय?

खिशातल्या हत्याराचा मोठा धोका बहुधा त्याच्या धन्यालाच. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते आणि शिवसेनेचे नेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. बाहेरगावी निघण्याआधी रिव्हॉल्व्हर ठेवताना ते खाली पडले आणि सुटले, असे तेव्हा सांगण्यात आले. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असला, तर जमिनीवरचा एक आपटा पुरतो. म्हणून जुन्या जाणकारांची पद्धत होती, की घोड्याखालचे घर रिकामे ठेवायचे. नव्या रचनांत चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा काडतुसाशी संबंधच येऊ नये, अशी आडपट्टी असते. लहान हत्यार घेताना विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नसून हा असावा: भरलेले असताना हातातून निसटले, तर ते सुटेल का?

दुसरा प्रश्न घराचा. पेण-रोह्यातली बरीच घरे एकत्र कुटुंबांची आहेत, उन्हाळ्यात आणि गणपतीत मुंबईकर पोराबाळांनी भरलेली. उशीखाली किंवा कपाटातल्या साड्यांमागे ठेवलेले हत्यार सापडायला एक दुपार पुरते. हत्यार आणि काडतुसे वेगवेगळी, दोन्ही कुलपात, आणि किल्ली एकाकडेच: लहान पिस्तूल लहान हातांनाही नेमके बसते, म्हणून या नियमाला सवलत नाही.

बंदूक जिथे खरोखर दिसते

इतके सारे असूनही, पेण-रोह्याच्या ग्रामीण भागात परवान्याचे शस्त्र म्हटले की शेतकऱ्याच्या मनात खिशातले पिस्तूल येत नाही. येते ती ठासणीची किंवा बारा बोअरची काडतुसाची बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. रानडुकरे भाताची नासाडी करतात, माकडे फळबागा उलथतात, आणि एक बार काढला की कळप पांगतो. प्राणी मारायला मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना शिकारीचा परवाना होत नाही.

शस्त्र उघडपणे, मानाने समोर येते ते मात्र रोह्यात वर्षातून एकदा. ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा पोलीस दल त्यांना सशस्त्र मानवंदना देते. जे हत्यार खासगी माणसाने झाकलेच पाहिजे, ते सरकारी गणवेशात उघड उभे राहते. दोन्ही एकाच कायद्याच्या छत्राखाली. निवडणूक जाहीर झाली की त्याच गावांतल्या परवानाधारकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होण्याची प्रक्रिया सुरू होते. परवान्यांची छाननी करणाऱ्या समितीने सूट दिली नसेल, तर खिशातले पिस्तूल खुंटीवर न राहता ठाण्याच्या मालखान्यात विसावते.

धनी गेला, तरी हत्यार राहते. पोलाद दोन-तीन पिढ्या टिकते, परवाना मात्र ज्याच्या नावाचा त्याच्यापुरता असतो. वडिलांच्या मागे मुलाने ते कपाटात तसेच ठेवले, तर त्याच दिवसापासून ते विनापरवाना शस्त्र ठरू शकते. म्हणून वारसांनी ते ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचे, आणि हवे असेल तर स्वतःच्या नावाने नवा अर्ज करायचा, तीच चौकशी, तेच प्रशिक्षण, तेच अलिबाग. छोटे पिस्तूल निवडणाऱ्याने म्हणून तीन गोष्टींचा हिशेब आधी मांडावा: परवान्यात काय बसते, आपल्या हाताला सरावाने काय पेलते, आणि आपल्यामागे घरातले कोण ते निस्तरणार. या तिन्हींची उत्तरे सापडली, की कोणता नमुना घ्यावा हा प्रश्न फार मोठा उरत नाही. एकाचेही उत्तर सापडत नसेल, तर पिस्तूल न घेणे हीसुद्धा विचारपूर्वक केलेली निवडच आहे.